पोरांना इंग्रजी कितवीपासून?

इस्लामपुरात सध्या ॲडमिशनचा हंगाम आहे. वाघवाडी फाट्यापासून गावात येईपर्यंत जेवढे फ्लेक्स दिसतात, त्यातले निम्मे वाढदिवसाचे आणि निम्मे शाळांचे. शाळांच्या फ्लेक्सवर टाय घातलेलं एक गोरंगोमटं पोर असतं (ते आपल्याकडचं नसतं हे लांबूनच कळतं) आणि खाली लिहिलेलं असतं, वय वर्षे अडीचपासून प्रवेश सुरू. पहिल्या दिवसापासून इंग्रजी.

मी वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलला २००१ पासून इंग्रजी शिकवते. त्यामुळं या महिन्यात बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर मला एकच प्रश्न विचारला जातो. "मॅडम, इंग्रजी जेवढं लवकर तेवढं चांगलं, न्हवं का?" प्रश्न विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. मी थोडं थांबते आणि त्याला वाटतं, हिला सांगायचं नाहीये. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. लांबलंय, पण ज्यांच्या घरात तीन-चार वर्षांचं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या एकट्या घरात या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. स्वातंत्र्यानंतर जुन्या मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होतं. आमचे आण्णा त्या काळातले, एबीसीडी त्यांनी तेराव्या वर्षी गिरवली. पुढं ते सोसायटीत सचिव झाले. आजही बँकेला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की गल्लीतली माणसं त्यांच्याकडं येतात. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. मी १९८७ ला पाचवीत गेले आणि त्यातच एम.ए. करून आज त्यावर पोट भरते. मग २००० साल आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते, त्यांनी राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेली पोरं आज तिशी ओलांडून गेलीत. त्यांच्यातलीच कितीतरी आता आपल्या पोरांसाठी शाळा शोधत फिरतायत.

आण्णांचं उदाहरण दिलं की लोक लगेच म्हणतात, "बघा, जुनं शिक्षण!" तसं काही नाही. आण्णांच्या बरोबरची किती पोरं मॅट्रिकला इंग्रजीनं गारद केली, ते आण्णाच सांगतात. त्यातले बरेचजण मुंबईला गिरणीत गेले नाहीतर रानात राबले. त्यांच्यासाठी इंग्रजी म्हणजे दारात उभा राहिलेला रखवालदार होता. मोऱ्यांनी निर्णय घेतला तेव्हा तो रखवालदार हटवायचा हाच विचार असणार, आणि हेतू चांगला होता हे मला आजही वाटतं. शहरातली पोरं पैसे मोजून तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी शिकणार आणि बिळाशीच्या नाहीतर कामेरीच्या पोरानं मात्र अकराव्या वर्षाची वाट बघायची, हे कुणालाही खटकेलच.

आता मी वर्गात काय पाहिलं ते सांगते. २००० ची ती पहिली बॅच जून २००७ मध्ये माझ्या आठवीच्या वर्गात आली. त्याआधीची सहा वर्षं मी 'पाचवीपासूनवाली' पोरं शिकवली होती. आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना फार उत्सुकता होती. तीन वर्षं शिकलेल्या पोरांच्या जागी सात वर्षं शिकलेली पोरं येणार, म्हणजे आता आपलं काम हलकं, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत होते. मी दरवर्षी आठवीच्या पहिल्या आठवड्यात एक छोटी चाचणी घेते. मार्क नसतात. एक परिच्छेद वाचायचा, त्यावर दोन प्रश्न, आणि स्वतःबद्दल दहा वाक्यं लिहायची.

वाचनात फरक दिसला. पोरं घाबरत नव्हती. रंग, फळं, प्राणी, वार, महिने सगळं येत होतं. कविता तर हातवारे करून म्हणून दाखवली. पण दहा वाक्यं लिहायला सांगितली तर 'माय नेम इज' आणि 'आय लिव्ह इन'च्या पुढं गाडी तिथंच अडकली, जिथं आधीच्या पोरांची अडकायची. दिवाळीपर्यंत मला नव्या आणि जुन्या बॅचच्या वह्यांत फरक करता येईना. हे काही संशोधन नाही, एका मास्तरणीच्या वह्या आहेत. पण सात वर्षं आणि तीन वर्षं यातला फरक सहा महिन्यांत पुसला जातो, तर मधली चार वर्षं गेली कुठं, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

उत्तर पुढं वाचनातून मिळालं, आणि आश्चर्य म्हणजे आपल्यासारखाच अनुभव जगात बऱ्याच ठिकाणी आलाय.

स्पेनमध्ये बार्सिलोनाला कायदा बदलला आणि परकीय भाषा म्हणून इंग्रजी अकराव्या वर्षाऐवजी आठव्या वर्षापासून सुरू झालं. कार्मेन मुन्योझ या बाईंनी तिथं वर्षानुवर्षं दोन्ही प्रकारची पोरं तपासली. त्यांनी वय न धरता तास मोजले, म्हणजे दोघांनाही सारखेच तास शिकवून झाल्यावर परीक्षा घेतली. दोनशे तासांनंतर, चारशेनंतर, सव्वासातशेनंतर. उशिरा सुरू केलेली पोरं साधारणपणे पुढंच राहिली. जर्मनीत नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यानं इंग्रजी तिसरीवरून पहिलीवर आणलं. तिथं पाच हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचवीत लवकरवाली पोरं पुढं होती. सातवीत तीच मागं पडली, उशिरावाली पुढं गेली. स्वित्झर्लंडमध्ये आठव्या वर्षी आणि तेराव्या वर्षी सुरू करणाऱ्यांची तुलना झाली, तिथंही मोठ्यांनी बहुतेक अंतर काही महिन्यांत भरून काढलं. आणि हे आजचंच नाही. इंग्लंडनं १९६०-७० च्या दशकात प्राथमिक शाळांत फ्रेंच आणून बघितलं होतं, १९७४ च्या अहवालात जवळजवळ हेच निघालं.

"मग मॅडम, लहान पोरं भाषा पटकन उचलतात म्हणतात, ते खोटं का?"

खोटं नाही. आपल्याच जिल्ह्यात त्याचा पुरावा आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव बघा. सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन ही माणसं तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, कुठं कुठं गेली. त्यांची चार-पाच वर्षांची पोरं तिकडच्या गल्लीत खेळायला लागली की वर्षभरात तिथली भाषा अशी बोलतात की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पोर परमुलखातलं आहे हे कळत नाही. आईला मात्र दहा वर्षांनीही भाजीवाल्याशी खुणेनं बोलावं लागतं. अमेरिकेत गेलेल्या चिनी आणि कोरियन कुटुंबांवर १९८९ मध्ये असाच अभ्यास झाला होता. सात वर्षांच्या आत जाऊन पोचलेल्यांचं इंग्रजी व्याकरण तिथल्याच माणसांसारखं, आणि जेवढं वय जास्त तेवढं कच्चं.

पण त्या गल्लीतल्या पोराला काय मिळतं ते बघा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत भाषा. भांडण त्या भाषेत, गोळ्या-बिस्किटं त्या भाषेत, मार त्या भाषेत. दिवसाचे बारा तास धरा, वर्षाचे झाले ४,३८०.

आता आपली शाळा. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्यानं किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. रोज पस्तीस मिनिटांचा एक तास इंग्रजीचा धरला तर वर्षाचे ७,००० मिनिटं, म्हणजे ११६ तास. दहा वर्षांचे हजार-बाराशे तास. गलाईवाल्याचं पोर तेवढी भाषा साधारण तीन महिन्यांत ऐकतं. आणि आपल्या त्या पस्तीस मिनिटांत हजेरी असते, खिचडीचा हिशेब असतो, आणि उरलेल्यातलं बरंचसं मराठीतून समजावणं असतं. बाई वर्गात इंग्रजीतून बोलतच नसतील, तर पोर उचलणार कुठनं?

म्हणजे लहान मूल भाषा उचलतं ते अंगावर पडलेल्या भाषेतून. त्याला नियम सांगून उपयोग नसतो, त्याला भरपूर ऐकावं लागतं. मोठ्या पोराचं वेगळं. माझ्या वर्गातलं रोजचं उदाहरण देते. मराठीत आपण 'टेबलावर' म्हणतो. 'वर' मागून लागतं. इंग्रजीत 'ऑन द टेबल', तोच 'वर' पुढं येतो. ज्या पोरानं मराठीत शब्दयोगी अव्यय शिकलंय, त्याला मी एवढंच सांगते की, बाबा, आपलं शेपूट इंग्रजीत तोंडाकडं लागतं. एका तासात 'खाली', 'आत', 'जवळ', 'शिवाय' सगळ्यांची रांग लावून पोरं मोकळी. हीच गोष्ट पहिलीतल्या पोराला सांगून बघा. त्याला अजून 'टेबलावर' हे दोन तुकड्यांचं आहे हेच माहीत नाही. त्याला ते शंभरवेळा ऐकवायला हवं, आणि शंभरवेळा ऐकवायला ना तास आहेत ना माणूस.

उच्चाराचं मात्र खरं आहे. उच्चार लहानपणीच बसतात, आणि आमचे आण्णा शेवटपर्यंत 'व्हेजिटेबल'मधला 'टेबल' टेबलासारखाच म्हणणार. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. बँकेला अर्ज पोचतो आणि कामही होतं.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर जवळजवळ पावणेसात लाख माणसांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. त्यातून त्यांनी मांडलं की व्याकरण शिकायची ताकद साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत चांगली टिकून राहते. अगदी इंग्रजांच्या घरात जन्मल्यासारखं इंग्रजी हवं असेल तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात झालेली बरी, असंही त्यातच आहे. पण आपल्याला आपल्या पोराला काय करायचंय? नोकरीच्या मुलाखतीत बोलता यावं, इंजिनिअरिंगची नाहीतर नर्सिंगची पुस्तकं समजावीत, परगावी अडचण येऊ नये. त्याला पाचवी म्हणजे उशीर नव्हे.

आता घरची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. गावात अंगणवाडी आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे, घरापासून पाच मिनिटांवर. पण चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा फॉर्म घरी येऊन पडला. फी बत्तीस हजार, व्हॅनचे वेगळे. दोन एकर ऊस आहे, पहिला हप्ता आला की त्यातनं भरायची. व्हॅन सकाळी पावणेआठला. त्या वयाचं पोर पावणेआठला व्हॅनमध्ये बसवायचं म्हणजे सव्वासहाला झोपेतनं उठवायचं.

मी भावाला आकडे सांगितले, बार्सिलोना सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुझं बरोबर असंल, पण हिच्याशी बोल."

वहिनीनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही मराठी शाळेत शिकून मॅडम झालात. पण तुमच्या वर्गातल्या किती जणी झाल्या? मी पण मराठी शाळेतच होते. बारावीनंतर पुण्याला मुलाखतीला गेले, तिथं पोरगी इंग्रजीत बोलली, मला एक शब्द फुटला नाही. मी परत आले ती आलेच. माझ्या पोरीला तसं नको."

यावर काय बोलायचं? वहिनीनं मला जे सांगितलं ते कुठल्या अभ्यासात खोडलेलं नाही. उलट तिच्या बाजूनंही पुरावा आहे. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात डाव्या सरकारनं सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं होतं. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी शिकवण्या लावल्या, खासगी शाळा गाठल्या. ज्यांच्याकडं नव्हता त्यांच्या पोरांच्या पगारावर पुढं त्याचा परिणाम दिसला, असं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय. शेवटी तिथं इंग्रजी परत आणावं लागलं. त्यामुळं 'मातृभाषेतच शिका' असं नुसतं व्यासपीठावरनं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांतल्या बऱ्याच जणांची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत ते तालुक्याला माहीत आहे.

पण वहिनीला पुण्यात जे झालं ते पाचवीपासून शिकल्यामुळं झालं का? मी तिला विचारलं, पाचवी ते बारावी आठ वर्षांत इंग्रजीच्या तासाला तू तोंडानं किती वाक्यं बोललीस, स्वतःची? ती हसली. "एकपण नाही. सर विचारायचे, आम्ही गाईडातलं वाचायचो." मग पहिलीपासून बारा वर्षं गाईडातलं वाचलं असतं तरी पुण्यात तोंडातनं काय निघालं असतं?

इंग्रजी माध्यमात तास जास्त मिळतात हे मान्य. गणित, परिसर अभ्यास सगळं इंग्रजीत, म्हणजे ११६ ऐवजी आठशे तास. शिकवणारी बाई खरंच इंग्रजीत बोलत असेल, पोरांना बोलतं करत असेल, तर फरक पडेल आणि पडतोच. तालुक्यात तशा शाळा आहेत, नाहीत असं नाही. पण बऱ्याच ठिकाणी पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी आणि उत्तरं पाठ केलेली इंग्रजी असा कारभार असतो. आठ-नऊ हजारांवर राबवून घेतलेली, बारावी-डीएड झालेली पोरगी काय इंग्रजी बोलणार? तिचा दोष नाही. आणि सेमीचं तर विचारूच नका. काही शाळांत 'अधिक'ला 'प्लस' आणि 'बरोबर'ला 'इज इक्वल टू' म्हटलं की सेमी झालं.

दरवर्षी आठवी-नववीत माझ्याकडं तीन-चार पोरं इंग्रजी माध्यमातून परत येतात. फी झेपत नाही, बापाचं काहीतरी होतं, किंवा पोरगं नापास व्हायला लागतं. मला सगळ्यात जास्त काळजी या पोरांची असते. गेल्या वर्षी एक मुलगा आला. इंग्रजी धडा असा वाचला की वर्ग बघत राहिला. फाडफाड. मी विचारलं, बाळा, यातल्या म्हाताऱ्याला राग का आला? गप्प. मराठीत सांग म्हटलं. तरी गप्प. मग मराठीचं पुस्तक दिलं, तर जोडाक्षराला अडखळायला लागला. हिशेबात 'एकोणसाठ' म्हटलं की विचारायचा, "म्हणजे फिफ्टी नाईन का, मॅडम?" त्याला अक्षरांचा आवाज येत होता, अर्थ दोन्हीकडं लागत नव्हता. देशभरातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची 'असर'ची २०२३ ची पाहणी सांगते की ग्रामीण भागातल्या साधारण ५७ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि त्या वाचणाऱ्यांतल्याही चौथ्या हिश्श्याला अर्थ सांगता आला नाही. माझा तो मुलगा त्या चौथ्या हिश्श्यातला.

उलट एक गोष्ट मी पंचवीस वर्षं बघतेय. आठवीत जी पोरगी मराठी परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून, त्यात काय होतं ते स्वतःच्या शब्दांत सांगते, तिचं इंग्रजी दहावीपर्यंत उभं राहतं. मग तिनं एबीसीडी पहिलीत शिकली असो की पाचवीत. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी हे फार पूर्वी मांडलंय की एका भाषेत पक्कं झालेलं वाचणं-विचार करणं दुसऱ्या भाषेत कामाला येतं, ते नव्यानं शिकावं लागत नाही. कोठारी आयोगानंही १९६६ मध्ये सांगितलं होतं की मातृभाषेवर पुरेशी पकड आल्यावर, साधारणपणे पाचवीच्या आधी नको, असं इंग्रजी सुरू करा. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या शेजारच्या, आजऱ्याच्या मातीतले. दिल्लीत बसून खेड्यातली शाळा न बघता लिहिणारा माणूस नव्हता तो.

गेल्या वर्षीचा हिंदीचा वाद आठवतोय ना? एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये शब्द बदलून परत निघाला, आणि २९ जूनला दोन्ही मागं घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. तेव्हा आपण सगळेच म्हणालो, सहा वर्षांच्या पोरावर तिसऱ्या भाषेचं ओझं कशाला? बरोबर म्हणालो, मीही त्यात होते. पण सरकारची बाजू मांडणारे जे सांगत होते, की लहान वयात मूल कितीही भाषा उचलतं, तेच वाक्य आपण शाळेच्या फ्लेक्सवर वाचून बत्तीस हजार भरतो. पंचवीस वर्षांत 'पहिलीपासून इंग्रजी'चं काय झालं, याचा हिशेब कुठल्या पक्षानं मागितलेला मला आठवत नाही.

वहिनीनं शेवटी एक अट घातली. "मग हिला गावातल्या शाळेत घालते. पण इंग्रजीचं तुम्ही बघायचं, वन्सं." मी हो म्हटलं. रोज संध्याकाळी अर्धा तास चित्रांचं पुस्तक, निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, आणि बोलायचं दोन्हीत. फॉर्म अजून भावानं फाडलेला नाही, ठेवलाय. त्याचंही बरोबर आहे, कारण गावातल्या शाळेचं काय होणार हे त्याच्या हातात नाही.

हे मोठं दुखणं आहे. आमच्या गावच्या शाळेचा पट आता एकतीस. शिक्षक दोन, वर्ग चार. गावातली सतरा पोरं व्हॅननं बाहेर जातात. ती बाहेर जातात म्हणून पट कमी, पट कमी म्हणून शिक्षक मिळत नाही, आणि शिक्षक नाही म्हणून राहिलेलीही बाहेर जायला बघतात. वीसच्या खाली पट गेलेल्या शाळांच्या समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये शासनानं पुढं आणलाच होता. कर्मवीर भाऊराव आपल्या तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. पोरांपर्यंत शाळा न्यायची म्हणून त्यांनी जन्म घालवला, आणि आता आपण पोरं व्हॅनमध्ये घालून शाळेपर्यंत नेतोय.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, कुठल्याही शाळेत जा, पण फॉर्म भरायच्या आधी वर्गात दहा मिनिटं बसू द्या म्हणावं. इंग्रजीच्या तासाला बाई किती बोलतात आणि पोरं किती बोलतात ते ऐका. पोरं नुसती एका सुरात ओरडत असतील तर ते पाठांतर. तिसरीतल्या एखाद्या पोराला मराठी गोष्टीचं पुस्तक द्या आणि काय वाचलंस ते विचारा. शाळेत पोरांच्या हाताला लागतील अशी पुस्तकं आहेत का बघा, मुख्याध्यापकांच्या कपाटातली नव्हे. बसू देत नसतील तर त्यातनंही काय ते कळतंच.

आणि गावासाठी दोन मागण्या मी १ मेच्या ग्रामसभेत लेखी देणार आहे. एक, केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून इंग्रजीचा एक तरी नीट शिकलेला शिक्षक द्या, जो आठवड्यातून दोन दिवस प्रत्येक शाळेत जाईल. चौथी-पाचवीला पस्तीस मिनिटांऐवजी सलग तासभर शिकवू दे. पहिली-दुसरीला इंग्रजी गाणी-गोष्टींपुरतं राहू दे, परीक्षा नको. दोन, ग्रामपंचायतीच्या निधीतून शाळेला पुस्तकं. कमानीला साडेचार लाख निघाले, तर पुस्तकांना पन्नास हजार निघायला अडचण नसावी. पहिली मागणी जिल्हा परिषदेकडं जाईल, तिथं अडकेल, हे मला माहीत आहे. दुसरी गावातच होण्यासारखी आहे. सरपंचांशी बोलले, ते म्हणाले, "मॅडम, ग्रामसभेला माणसं आणा." सतरा पोरांच्या घरांत मी या आठवड्यात जाणार आहे. शेजारच्या गावातल्या कुणाला असंच करायचं असेल तर अर्जाचा मसुदा माझ्याकडं तयार आहे, मराठीत आहे, मागा, पाठवते.